पाण्याची प्लेट

काकाजी कोणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी पेल्याच्या आतल्या कडेवरून करंगळी फिरवायचे. एकच गोल फेरा. मग ती करंगळी अंगठ्यावर घासून पाहायचे, बुळबुळीत लागतं का. लागलं तर पेला तसाच खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बसली."

आमच्या जबलपूरच्या मदन महल भागातल्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा हा प्रकार त्यांनी आईच्या देखत केला. माझ्या आईचे पेले! राखेनं घासून उन्हात पालथे घालणारी बाई ती. करंगळी फिरत होती तोवर आईच्या कपाळावर आठ्यांचं जाळं झालं होतं. "नाही बसली," काकाजी म्हणाले आणि घटाघटा पाणी प्यायले. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "पाहुणा आणलास की इन्स्पेक्टर?" पण त्या दिवसापासून ती पेले दोनदा घासायला लागली, हेही सांगून टाकते.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शिंपी बोलता बोलता समोरच्याच्या कॉलरची शिवण चाचपतो. माझे बाबा फॅक्टरीतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी पंख्याचा आवाज ऐकून कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगतात. काकाजींच्या बोटात बुरशी होती.

त्यांचं नाव सांगत नाही, प्रयोगशाळेचंही नाही. ते बुरशीच्या टेबलावरचे सगळ्यात जुने टेक्निशियन होते. त्यांचे वडील अमरावतीकडून येऊन इथल्या तोफांच्या फॅक्टरीत लागले म्हणून हे घराणं जबलपूरचं झालं, तसं आमचंही. प्रयोगशाळेत हिंदीवालेसुद्धा त्यांना काकाजीच म्हणायचे. आता ते नाहीत. गेल्याची बातमी आली तेव्हा मला काही वाटलं नाही. लोक विचारत होते, "तू तर खूप जवळची होतीस ना?" आणि मी "हो ना" म्हणत होते, कोणी बसची वेळ विचारल्यावर सांगावी तसं. काहून असं झालं, ते मला नीट कळलेलं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी रसायनशास्त्राची. बुरशीशी माझा संबंध लोणच्याच्या बरणीपुरता. पण माझं पीएचडीचं काम असं निघालं की लांब साखळीची रसायनं बनवायची, ज्यांना पॉलिमर म्हणतात, आणि ती औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीवर चालतात का ते पाहायचं. ही बुरशी भाकरीवरची नव्हे. ही दवाखान्यात पडलेल्या माणसाच्या नळीवर बसते. लघवीची नळी, शिरेतली नळी, तोंडातली कवळी, कुठेही. एकदा बसली की अंगावर चिकट साय धरते. त्या सायीखाली औषध पोचत नाही आणि पोचलं तरी तिनं ते पचवायला शिकून घेतलेलं असतं.

काकाजींना मी पहिल्या दिवशी माझी विद्वत्ता ऐकवली. औषध बुरशीच्या आत शिरून एखादंच कुलूप उघडतं, बुरशी ते कुलूप बदलून टाकते. माझी साखळी आत जातच नाही, बाहेरून तिच्या कातडीला चिकटते आणि कातडीच फाडते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कुलपाशी भांडतच नाही, भिंत पाडते."

"हो."

"अच्छा. चलो, पाडून दाखव."

मी दाखवली. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिला शहाण्णव इवल्या वाट्या, आप्पेपात्राचं नातवंड म्हणा. प्रत्येक वाटीत बुरशी बसू द्यायची. मग रसायन घालायचं, डावीकडच्या पहिल्या ओळीत काहीच नाही आणि उजवीकडे जाऊ तसतसं जास्त. दुसऱ्या दिवशी वाट्या पाण्यानं धुवायच्या, म्हणजे मेलेली, सुटलेली बुरशी वाहून जाते. शेवटी जांभळा रंग घालायचा. जिथे ती अजून बसलेली आहे तिथे रंग धरतो, जिथून उखडली तिथे वाटी कोरी. माझी पहिली प्लेट जवळजवळ सगळीच कोरी निघाली. मी ती ट्रॉफीसारखी धरून काकाजींच्या टेबलाशी उभी.

"कोणी धुतली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"म्हणून."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी मला नळाशी नेलं, एका वाडग्यावर दुधाची साय धरलेली होती, त्यावर जोरात धार सोडली. साय फाटली. दुसऱ्या वाडग्यात कडेनं हळूच पाणी सोडलं. साय तशीच तरंगत राहिली.

"सुट्या बुरशीला कोणीही मारते," ते म्हणाले. "बसलेलीला मारून दाखव. आणि मारलीस तू, की तुझ्या औषधानं मारली, हे आधी समजून घे. तू ओरबाडून राहिली ना बाई."

त्यानंतर महिनाभर त्यांनी मला रसायनाला हात लावू दिला नाही. नुसत्या बुरशीच्या प्लेटा फक्त धुवायच्या. थेंब वाटीच्या मधोमध सोडायचा नाही, भिंतीवरून उतरवायचा. किती हळू? तर थेंब सोडायच्या पिपेटवरचा अंगठा दाबायला सुरुवात करायची तेव्हा "नर्मदे" म्हणायचं आणि "हर" संपेल तेव्हा थेंब तळाशी पोचलेला पाहिजे. शहाण्णव वाट्या, शहाण्णव वेळा नर्मदे हर. कपड्यांना देतात तसं तीन पाणी द्यायचं. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, इथे पूजा चालली आहे. एका नव्या डॉक्टरनं त्यांना विचारलंही, "आप बड़े भक्त हैं?"

"नहीं जी," काकाजी म्हणाले, "घड़ी है ये."

प्लेटा धुवायचं मशीन आमच्याकडे होतं. काकाजी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवायचे.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पुढे कामाला येते. काकाजींना कवळी होती. एका दुपारी त्यांनी ती काढली, कापसाच्या बोळ्यानं आतून पुसली आणि तो बोळा काचेच्या बशीत फिरवून उबेला ठेवून दिला. दोन दिवसांनी बशीवर पांढरे ठिपके. आम्ही सगळे तोंड वाकडं करून पाहतो आहोत आणि हे बोळक्यानं हसत आहेत. "जगभर करंगळ्या फिरवून राहिलो, आणि घरातच बसली!" त्यातली थोडी बुरशी त्यांनी एका छोट्या कुपीत भरली, तिच्यावर मराठीत लिहिलं, "कवळी, स्वतःची", आणि ती खोल गोठवणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवली. तिथे बुरशी वर्षानुवर्षं झोपून राहते, मरत नाही. मी म्हटलं, "काकाजी, हिचं काय लोणचं घालणार?" तर म्हणाले, "राहू दे. हिनं कोणाला त्रास नाही दिला."

त्यांचं रोजचं काम वेगळं होतं. वॉर्डातून नमुने येत. कुठल्या औषधानं ही बुरशी मरेल ते तपासून कागदावर लिहायचं. मरत नसेल तर त्या औषधापुढे आर. आर म्हणजे हे चालणार नाही. मी तिथे होते त्या काळात असे कागद बरेच निघायचे ज्यांच्यावर खालपर्यंत नुसते आर. वॉर्डातून डॉक्टरचा फोन यायचा, "काकाजी, कुछ तो लिखिए." काकाजी वहीतली नोंद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहायचे. मग म्हणायचे, "जो है वही लिखा है, सर."

फोन ठेवून एकदा ते मला म्हणाले, "इतकी वर्षं मी नाही, नाही, नाहीच लिहून राहिलो. जायच्या आधी एकदा हो लिहायचं आहे मला. तुझ्याच कागदावर का होईना."

त्यांची निवृत्ती कधीच झाली होती. दर वर्षी मुदतवाढ मिळायची, कारण त्यांच्यासारखा हात दुसरा कोणाचा नव्हता. त्या वर्षी माझंही शेवटचं वर्ष होतं. एक ते तेरा नंबरची रसायनं बुरशीनं खिशात घातली होती. मी खाली रसायनं बनवायची, काकाजी वर त्यांच्या प्लेटा लावायचे आणि धुवायचे. अशी वाटणी त्यांनीच करून दिली होती. "तू शिजव, मी वाढतो," म्हणाले.

चौदा नंबरची प्लेट त्यांनी मला खिडकीशी बोलावून दाखवली. डावीकडे गडद जांभळं. मग वांग्यासारखं. मग फिकं, आणखी फिकं, आणि उजवीकडच्या शेवटच्या दोन ओळी पाण्यासारख्या स्वच्छ. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"काकाजी, हो का?"

"पुन्हा लावतो," ते म्हणाले.

पुन्हा लावली, पुन्हा तेच. वॉर्डातल्या वेगवेगळ्या नळ्यांवरच्या बुरशा घेतल्या, तरी तेच. पाचव्या प्लेटेनंतर काकाजींनी स्वतः जाऊन खव्याची जिलेबी आणली आणि माझ्या वहीच्या पानावर, तारखेखाली, मोठ्या अक्षरात लिहिलं, "हो." ते अक्षर जरासं वेडंवाकडं आलं होतं. मला वाटलं, आनंदानं. माझे सर पेपर लिहायला बसले. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी तर रस्त्यानं चालतानासुद्धा हसत होते, लोक वळून पाहायचे.

मग थंडी आली आणि मटार आले. आमच्याकडे कोणीतरी जवळच्या पाटन गावचा असतोच आणि तो पोतंभर मटार आणतोच. चहाच्या वेळी सगळे टेबलाभोवती बसून सोलतात, गप्पा मारतात. काकाजी माझ्या शेजारी होते. त्यांनी शेंग फोडली आणि दाणे ताटात न पडता टेबलभर उडाले. सगळे हसले, तेही हसले. दुसरी शेंग. पुन्हा दाणे जमिनीवर. तिसऱ्या शेंगेला त्यांनी उजवा हात उचलला आणि मांडीखाली दाबून ठेवला. डाव्या हातानं चहा प्यायले.

मी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. वय झालं, थंडी आहे, असं मनाला सांगितलं आणि मनानं ते लगेच ऐकलं. त्यांनी मात्र त्यानंतर आठ दिवस चौदा नंबरची एकही प्लेट लावली नाही. विचारलं की म्हणायचे, "करून राहिलो ना."

एका सोमवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. खिडकीशी प्लेट ठेवली होती. डावीकडे गडद, मग फिकं होत होत उजवीकडे अगदी कोरी. इतकी देखणी उतरण मी आजवर पाहिली नव्हती.

"चौदाची आहे?" मी विचारलं. "ही तर सगळ्यात छान आली!"

"पाणी आहे."

"म्हणजे?"

"यात चौदा नाही. काहीच नाही. सगळ्या वाट्यांत नुसतं पाणी घातलं होतं. मग मी नेहमीसारखी धुतली."

मला समजलं नाही. म्हणजे समजलं, पण ते आत जाईना. त्यांनी दुसरी प्लेट पुढे केली. ती उलटी होती, उजवीकडे गडद आणि डावीकडे कोरी.

"हिच्यातही पाणीच. ही उजवीकडून धुतली." ते अगदी सावकाश सांगत होते, पहिल्या महिन्यात शिकवायचे तसं. "सुरुवातीला हात ताजा असते. सहा-सात ओळी झाल्या की कापते. मग थेंब भिंतीवरून उतरत नाही, मधोमध पडते. साय ओरबाडून नेते. मी नेहमी डावीकडून धुतो, आणि तुझं रसायन उजवीकडे जास्त असते. माझा हात थकत गेला तसा रंग उडत गेला. आपण समजलो, औषध."

"कधीपासून?"

"मटारच्या दिवशी मला समजलं. त्याच्या आधीचं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही." मग म्हणाले, "मला आधीच दिसायला पाहिजे होतं ना. औषध पायरी पाडते. इथवर काही नाही, आणि मग एकदम. ही तर उतरण होती. औषध थकत नाही बेटा, माणूस थकते."

आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही. मी पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्या हाताबद्दल नव्हता. मी विचारलं, "अजून कोणाला दाखवलं?"

"पहिले तुला."

"मग नका दाखवू." माझाच आवाज मला दुरून ऐकू येत होता. "पुढच्या महिन्यात तुमची मुदतवाढ आहे. हे कळलं तर तुम्हाला कोण ठेवेल? पेपर तयार आहे. चौदा थोडं तरी चालत असेलच. पुढे कोणीतरी तपासेलच ना."

काकाजी माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"वॉर्डात ज्याच्या नळीवर बसली आहे," ते म्हणाले, "त्याला काय माझा हात देणार आहेस औषध म्हणून?"

मग त्यांनी मला माझी पिपेट दिली. "तू धू. तुझा हात चांगला आहे. चौदाची लाव आणि तू धू."

मी लावली, दुसऱ्या दिवशी धुतली. शहाण्णव वेळा नर्मदे हर, तीन पाणी. माझे ओठ हलत होते, बाकी मी तिथे नव्हते. रंग घातला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी प्लेट जांभळी. चौदा नंबरनं काही म्हणजे काहीही केलेलं नव्हतं. काकाजींनी प्लेट उजेडाला धरली. त्यांच्या हातात ती थरथरत होती, आणि आता ती थरथर मला लख्ख दिसत होती.

"बसली," ते म्हणाले.

"झालं समाधान?" मी म्हटलं.

त्यांनी आपला चहाचा पेला उचलला आणि धुवायला गेले.

त्याच दुपारी ते सगळ्या प्लेटा घेऊन सरांकडे गेले. त्याआधी माझी वही मागून घेतली, आपलं ते "हो" एका रेघेनं खोडलं आणि खाली सही केली. पेपर थांबला. माझं एक वर्ष वाढलं. मुदतवाढीचा अर्ज काकाजींनी केलाच नाही. प्रयोगशाळेत हळूहळू सगळ्यांना कळलं. कोणी म्हणालं, देवमाणूस. कोणी म्हणालं, हात दाखवून अवलक्षण, गप्प बसून महिनाभरानं निघून गेले असते तर कोणाला काय कळणार होतं? मी दोन्हींना मान डोलावली. निरोपसमारंभाला शाल होती, नारळ होता, पुन्हा तीच खव्याची जिलेबी होती. मी टाळ्या वाजवल्या. जिलेबीला चव नव्हती, पण सगळ्यांनी तर दोन-दोन खाल्ल्या, तेव्हा ती मलाच नसावी.

त्यानंतर मी वर गेलेच नाही. खाली बसून पंधरा, सोळा, सतरा, अशी रसायनं बनवत राहिले. बनवायची, बाटलीत भरायची, नंबर लिहायचा आणि फळीवर ठेवायचं. सर विचारायचे, "बुरशीवर लावून पाहिलं?" मी म्हणायचे, "करते." राग होता का मला? असता तर काही तरी झालं असतं. मी रोज जेवत होते, बसनं येत-जात होते, आईशी बोलत होते. फक्त पिपेट हातात घ्यावीशी वाटत नव्हती. काकाजींना फोन करावासाही वाटत नव्हता. उद्या करू, असं म्हणत दिवाळी गेली.

पुढच्या थंडीत आईनंच मला महाराजपूरला काकाजींच्या घरी पाठवलं. "तुझं काय ते तू जाण, पण म्हाताऱ्या माणसाला भेटून ये," म्हणाली. काकूंनी दार उघडलं. काकाजी ओसरीत उन्हात बसले होते, निम्मे झाले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि ते हात आपापलं काहीतरी करत होते. काकूंनी मला पाणी आणून दिलं. मी पेला उचलणार तेवढ्यात काकाजींनी हात पुढे केला.

पेला त्यांच्या हाती दिला. त्यांनी करंगळी आत घातली आणि ती स्टीलवर किणकिण वाजायला लागली. कडेला टेकेना. काकूंनी त्यांचं मनगट धरलं. मग फेरा झाला, एकच, पूर्ण.

"नाही बसली. पी," ते म्हणाले.

मी प्यायले.

"कितीवर पोचली?"

"एकोणीस."

"काय म्हणते एकोणीस?"

"करून राहिले, काकाजी."

"एक प्लेट पाण्याची लावतेस ना बरोबर? आणि एक उलटी धुतेस?"

मी वर्षभर एकही प्लेट लावली नव्हती. एकोणीसच्या बाटलीवर धूळ होती.

"हो," मी म्हटलं. "दर वेळी."

काकाजी हसले. "मग ठीक. मग मी नसलो तरी चालते."

दहा मिनिटं बसले असेन. निघताना काकूंनी मटारची पिशवी हातात दिली, सोललेले. "आता मीच सोलते," त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी काकाजी गेले. छातीत कफ झाला, चार दिवस दवाखाना, संपलं. मी नर्मदेवर ग्वारीघाटला गेले आणि मागे उभी राहिले. पाणी संथ होतं, ऊन चांगलं पडलं होतं. लोक "नर्मदे हर" म्हणत होते. प्रत्येक वेळी ते म्हणायचे आणि माझा उजवा अंगठा आपोआप दाबला जायचा. मी वाट्या मोजत होते. आठ झाल्या, एक ओळ झाली, पुढची ओळ. एवढंच. शेजारची बाई रडत होती, मी तिला रुमाल दिला. परत येताना बसमध्ये मला भूक लागली होती, हेही लिहून ठेवते.

दहाव्या दिवसानंतर मी वर गेले. काकाजींच्या टेबलावर नवीन माणूस आला आहे, तो त्या दिवशी सुटीवर होता. मशीनवरचा टॉवेल गेला होता. खोल फ्रीज उघडला, हातमोजे घालून खालचा खण काढला. शोधावं लागलं नाही. त्यांचं जुनं अक्षर, सरळ, शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं. "कवळी, स्वतःची."

दोन दिवसांत ती जागी झाली. पांढरे गोल ठिपके, जसे तेव्हा आले होते तसेच. मी दोन प्लेटा लावल्या. एकोणीस नंबर घातला नाही, काहीच घातलं नाही. पाणी घातलं. ज्या प्लेटा मी दर वेळी लावते असं त्यांना सांगितलं होतं, त्या ह्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डावीकडून धुतली, एक उजवीकडून. थेंब भिंतीवरून, मधोमध नाही. नर्मदे म्हणताना अंगठा, हर म्हणताना तळ. तीन पाणी. मान आखडली, पण घाई केली नाही. मग रंग घातला आणि खिडकीशी नेल्या.

दोन्ही प्लेटा सारख्या जांभळ्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही वाटी फिकी नव्हती. काकाजींच्या तोंडातली ती बुरशी, त्यांनी शिकवलेल्या हाताखालून तसूभर हलली नव्हती. पहिल्या महिन्यात अशी प्लेट आली की मी त्यांच्या तोंडाकडे पाहायची. मी वळूनही पाहिलं. तिथे स्टूल होतं.

"बसली, काकाजी," मी म्हटलं.

मोठ्यानं म्हटलं. आणि मग ज्याची वर्षभर वाट पाहिली नव्हती ते एकदम आलं. दोन्ही प्लेटा मला टेबलावर ठेवाव्या लागल्या, कारण माझा हात कापत होता. मी त्यांच्या स्टुलावर बसले, उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि रडले. हात थांबेपर्यंत मी एकोणीस नंबरची बाटली उघडली नाही.